घर पाहावं बांधून, तेही स्लाऊमध्ये!

“चिखल नावाच्या गावात घर बांधतेस?”

आम्ही स्लाऊमध्ये एक मोडकळीला आलेला जुना बंगला घेतलाय आणि तो पाडून तिथे नवीन घर बांधणार आहोत, हे २००४ साली पुण्याला फोनवर सांगितलं, तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न हा होता. अभिनंदन वगैरे सगळं नंतर! आमचा पत्ता पहिल्यांदा कळला त्याच दिवशी त्यांनी डिक्शनरी काढून ‘स्लाऊ’चा अर्थ बघून ठेवला होता. अर्थ खराच आहे. दलदल, चिखलाची जागा. बाराव्या शतकाच्या अखेरीस कागदोपत्री ‘स्लो’ असं नाव आढळतं, तेव्हापासून हा चिखल गावाला चिकटला आहे तो आजतागायत. त्यात १९३७ साली कवी जॉन बेत्जमन यांनी या गावावर एक कविता लिहून त्याची पार बदनामी करून ठेवली. इंग्लंडात कुठेही “आम्ही स्लाऊला राहतो” म्हटलं की समोरचा माणूस गालातल्या गालात हसतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल.

तर मंडळी, अशा या गावात आम्ही घर बांधलं त्याला आता वीस वर्षं होत आली. ओळखीत कोणी घर बांधायला किंवा वाढवायला काढलं की आम्हाला हमखास फोन येतो. ‘प्लॅनिंगला किती दिवस लागतात’, ‘बिल्डरला आगाऊ पैसे द्यावेत का’, ‘शेजारी नोटीस घेत नाही, काय करू’. एकदा हे सगळं लिहूनच काढावं असं मनात होतं. लिहायला बसले तर लक्षात आलं, की हे नुसत्या विटा-सिमेंटचं प्रकरण नाहीये. बांधकामाच्या दोन वर्षांत ज्या ज्या नियमाने आम्हाला छळलं, तो नियम आला कुठून हे शोधायला मी लायब्ररीत जायला लागले, आणि प्रत्येक नियमाच्या मुळाशी कुणाचं तरी पडलेलं, जळलेलं किंवा आजारी घर सापडत गेलं. म्हणून हा लेख थोडा आमच्या घराचा, आणि बराचसा त्याआधीच्या घरांचा.

पण सुरुवात पुण्यापासून करावी लागेल. बाबांचं बालपण आणि तरुणपण नारायण पेठेतल्या एका वाड्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं. १२ जुलै १९६१ ला बांधकाम चालू असलेलं पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. वाड्याच्या तळमजल्यावर फक्त गाळ उरला. त्यानंतर सात वर्षांनी बाबांनी सहकारनगरला, पर्वतीच्या पायथ्याशी, सोसायटीच्या प्लॉटवर स्वतःचं घर बांधलं. गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून, रोज संध्याकाळी ऑफिसातून सायकलने जाऊन बांधलं. नदी तिथून कितीतरी लांब! तरी त्यांनी जोतं एवढं उंच घेतलं, की दारापर्यंत पाच पायऱ्या चढाव्या लागतात. आई म्हणायची, “हे घर आहे का देऊळ?” बाबा म्हणायचे, “पाणी पत्ता विचारून येत नाही.”

बाबांची बांधकामातली गीता म्हणजे अप्पा बळवंत चौकातून जुन्यात घेतलेलं एक इंग्रजी पुस्तक, ‘बिल्ड युवर ओन होम’. लेखक पुण्याचेच इंजिनियर आर. एस. देशपांडे. १९३० आणि ४० च्या दशकांत मध्यमवर्गीय माणसाने स्वतःचं घर कसं बांधावं यावर देशपांड्यांनी एकामागून एक पुस्तकं लिहिली. १९३१ चं ‘रेसिडेन्शियल बिल्डिंग्ज सूटेड टु इंडिया’, १९३९ चं ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ आणि १९४३ चं हे. वाड्यातून आणि चाळीतून बाहेर पडून स्वतंत्र ब्लॉकमध्ये किंवा बंगल्यात जाऊ बघणाऱ्या एका अख्ख्या पिढीला नकाशा समोर ठेवून विचार करायला या पुस्तकांनी शिकवलं. आमच्या घरी त्या पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने पाच प्रश्न लिहिलेले आहेत. जमीन कसली? पाणी कुठून येतं, कुठे जातं? शेजारी कोण? पैसे कधी संपणार? जोतं किती?

फोनवर ‘चिखला’ची थट्टा करून झाल्यावर बाबांनी तेच पाच प्रश्न मला लिहून घ्यायला लावले. आणि शेवटी हळूच म्हणाले, “म्हणजे आता तुम्ही परत येत नाही.” हा प्रश्न नव्हता. विकत घेतलेलं घर विकून निघता येतं. स्वतः बांधलेल्या घरातून माणूस सहजासहजी हलत नाही, हे त्यांना स्वानुभवाने माहीत होतं. मी काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवला.

पहिला निर्णय मात्र या पाच प्रश्नांत नव्हताच. बंगला वाढवायचा की पाडायचा? मला खरं म्हणजे जुन्या भिंती ठेवायच्या होत्या. निर्णय करवला तो करआकारणीने. १ एप्रिल १९७३ ला या देशात व्हॅट लागू झाला तेव्हापासून नवीन घराच्या बांधकामावर तो शून्य दराने आहे, पण असलेल्या घराच्या दुरुस्तीवर आणि वाढीवर सहसा पूर्ण दराने पडतो. आमच्या वेळी तो साडेसतरा टक्के होता, २०११ पासून वीस टक्के आहे. म्हणजे जुनं घर जमीनदोस्त करून नव्याने बांधलं तर मजुरीवर व्हॅट नाही आणि आपण स्वतः आणलेल्या मालावरचा व्हॅट काम संपल्यावर परत मिळतो. जुन्या भिंती राखून काम केलं तर नाही. हा परतावा एकदाच, एकाच अर्जाने मागता येतो. आमच्या वेळी काम संपल्यापासून तीन महिन्यांत मागावा लागे, आता सहा महिने मिळतात. एकूण एक पावती जपून ठेवा! आणि हो, आर्किटेक्टच्या फीवरचा व्हॅट यात परत मिळत नाही, तो आधीच हिशेबात धरा.

कराने घराला आकार द्यावा हे इथे नवीन नाही. १७८४ ते १८५० या काळात ब्रिटनमध्ये विटांवर कर होता आणि तो विटांच्या संख्येवर, हजारी मोजला जाई. मग वीटभट्टीवाल्यांनी विटाच मोठ्या पाडायला सुरुवात केली! सरकारला पुढे मोठ्या विटांवर जास्त कर लावावा लागला. जुन्या घराची वीट बोटांनी मोजली तर कधीकधी हा कर अजून हाताला लागतो.

आता बाबांचा पहिला प्रश्न. जमीन कसली?

स्लाऊची जमीन म्हणजे थेम्स नदीने हजारो वर्षांत आणून टाकलेली वाळू-खडी आणि तिच्यावर अनेक ठिकाणी पिवळसर, बारीक मातीचा थर. विटा पाडायला ही माती उत्तम. राजा सहाव्या हेन्रीने १४४० साली शेजारीच ईटन कॉलेजची स्थापना केली, तेव्हा त्या इमारतीसाठी लाखो विटा स्लाऊच्या मातीतून पाडल्या गेल्या. ज्या शाळेने इंग्लंडला इतके पंतप्रधान दिले ती शाळा आमच्या ‘चिखला’तून उभी आहे, हे मी बाबांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यावर बाबा म्हणाले, “माती काढली, मग खड्डा कशाने भरला?”

हाच खरा प्रश्न होता. आमच्या प्लॉटवर चाचणीचा खड्डा खणला, तर वरच्या मातीखाली राख, फुटक्या विटा, काचेचे तुकडे. कधीकाळी कुणीतरी माती उचलून नेली होती आणि खड्ड्यात मिळेल तो भराव टाकला होता. आर्किटेक्टने नकाशात एक मीटर पाया धरला होता. तपासणीला आलेल्या बिल्डिंग इन्स्पेक्टरने चरात काठी खुपसून बघितली आणि सांगितलं, मूळची खडी लागेपर्यंत खाली जा. ती लागली एक मीटर ऐंशी सेंटिमीटरला. जवळजवळ दुप्पट काँक्रीट! किचनच्या ग्रॅनाइटचे पैसे त्या दिवशी जमिनीत गेले.

मी चिडले होते, पण या काठीच्या मागेही इतिहास आहे. १९७६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडात भीषण दुष्काळ पडला. दक्षिण इंग्लंडातली चिकणमाती पाणी गेल्यावर आकसते. ती आकसली, झाडांच्या मुळांनी उरलेली ओल शोषली आणि उथळ पायांवरची हजारो घरं तडकली. पाच वर्षांपूर्वी, १९७१ पासून, विमा कंपन्यांनी जमीन खचण्याची जोखीम पॉलिसीत घेतली होती, त्यामुळे दाव्यांचा पाऊस पडला. त्यानंतर इथले पाये खोल गेले आणि झाड किती जवळ, कुठल्या जातीचं, यावर पायाची खोली ठरू लागली. हे बाबांना सांगितलं तर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. “आपली काळी माती दुसरं काय करते? पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, हे आमच्या गवंड्याला शाळेत न जाता माहीत होतं.”

दुसरा प्रश्न पाण्याचा. याचं उत्तर मला एका खगोलशास्त्रज्ञाने दिलं. युरेनसचा शोध लावणारे विल्यम हर्शेल मूळचे जर्मनीतल्या हॅनोव्हरचे, म्हणजे आपल्यासारखेच बाहेरून आलेले. ते आणि त्यांची बहीण कॅरोलिन १७८२ साली जवळच्या डॅचेट गावात भाड्याने राहायला आले. डॅचेट अगदी थेम्सच्या काठी. घरात ओल, छप्पर गळकं, आणि रात्र रात्र ओल्या गवतात दुर्बिणीशी उभं राहून विल्यम हिवतापाने आजारी पडले. मग ओल्ड विंडसरला घर घेतलं, तर तिथली घरमालकीण भांडखोर निघाली. तिच्याशी भाड्याचा धड करारच होईना. शेवटी एप्रिल १७८६ मध्ये बहीण-भाऊ स्लाऊला आले. कॅरोलिनने लिहून ठेवलंय, की आधीच्या घरातली शेवटची रात्र त्यांनी उजाडेपर्यंत आकाश बघण्यात घालवली आणि दुसऱ्या संध्याकाळी दुर्बीण स्लाऊमध्ये तयार उभी होती. घर बदलताना एक रात्र फुकट जाऊ दिली नाही! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅरोलिनने याच अंगणातून आपला पहिला धूमकेतू शोधला.

पुढे त्या अंगणात हर्शेल यांनी चाळीस फूट लांबीची प्रचंड दुर्बीण उभारली. ती १७८९ साली पूर्ण झाली. राजा तिसऱ्या जॉर्जने चार हजार पौंड दिले होते. ते वाचताना मला आमच्याच साइटची आठवण येत होती. पहिला आरसा ओतताना हवा त्यापेक्षा पातळ झाला, दुसरा थंड होताना तडकला. मात्र दुर्बिणीचा अवाढव्य लाकडी सांगाडा ज्यावर गोल फिरायचा, तो विटांचा गोलाकार पाया टिकला. खडीची जमीन होती ना! डॅचेटपेक्षा स्लाऊ थोडं उंचावर, पाणी झिरपू देणाऱ्या खडीवर आहे. म्हणजे ‘चिखल’ नाव असलेलं गाव कोरडं, आणि पाणी नदीकाठच्या देखण्या डॅचेटला. हे उत्तर बाबांना पटलं, पण त्यांनी प्रश्न खोडला नाही. “बघू,” म्हणाले.

तिसरा प्रश्न, शेजारी कोण? आमच्या डाव्या हाताला एक आजोबा एकटे राहायचे, तेव्हा पंच्याहत्तरीचे. त्यांच्या घराचा पाया उथळ, १९३० च्या दशकातला, आणि आम्ही तीन मीटरच्या आत त्याहून खोल खणणार. अशा वेळी १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला महिनाभर आधी लेखी नोटीस द्यावी लागते. चौदा दिवसांत त्याची लेखी संमती आली नाही तर वाद आहे असं धरलं जातं, सर्व्हेअर नेमावे लागतात आणि त्यांची फी सहसा बांधणाऱ्याच्या गळ्यात पडते. या कायद्याचं मूळ थेट १६६६ च्या लंडनच्या आगीत आहे. आग लाकडी घरांवरून उड्या मारत गेली, म्हणून १६६७ च्या कायद्याने घराघरांमधल्या भिंती विटांच्या आणि ठरावीक जाडीच्या केल्या, आणि मग ती सामाईक भिंत कोणाची, खर्च कोणाचा, हे ठरवणं आलं. तीनशे वर्षं मुख्यतः लंडनपुरती असलेली ही व्यवस्था १ जुलै १९९७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये सगळीकडे लागू झाली.

माझा सल्ला एकच. नोटीस पोस्टाने पाठवण्याआधी स्वतः जाऊन दार वाजवा. आम्ही गेलो. आजोबांनी चहा केला आणि आपली कहाणी सांगितली. त्यांचे वडील वेल्सच्या कोळशाच्या खाणीतले. मंदीत खाण बंद पडली आणि ते कामाच्या शोधात स्लाऊला आले. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी सरकारने इथली शेतजमीन लष्करी मोटारी दुरुस्त करायला घेतली होती. १९२० साली तो सगळा पसारा, लोक ज्याला ‘डम्प’ म्हणत, सत्तर लाखांहून अधिक पौंडांना खाजगी कंपनीने विकत घेतला आणि त्यातून ट्रेडिंग इस्टेट उभी राहिली. मार्सचा चॉकलेटचा कारखाना आला १९३२ ला. त्याच वर्षी बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर दोन टक्क्यांवर आणला, बिल्डिंग सोसायट्या कर्ज देऊ लागल्या, आणि देशभर छोट्या घरांचं पीक आलं. आम्ही पाडणार होतो तो बंगला आणि आजोबांचं घर त्याच पिकातलं. आजोबा म्हणाले, त्यांच्या लहानपणी जुने गावकरी वेल्समधून आलेल्यांना नावं ठेवायचे, बोलणं कळत नाही म्हणायचे! आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो.

मग त्यांनी आपल्या स्वयंपाकघराची खिडकी दाखवली. सकाळचं ऊन आमच्या प्लॉटवरून तिथे येत होतं. “बायको गेल्यापासून मी सकाळी इथेच बसतो,” एवढंच म्हणाले. अडवणूक केली नाही, सही देतो म्हणाले. पण त्या रात्री आम्ही नकाशा टेबलावर पसरून बराच वेळ गप्प बसलो. कायद्याने परवानगी मिळण्याइतकं अंतर आम्ही सोडलेलं होतं. तरी त्या बाजूची उभी भिंत छपरापर्यंत गेली असती तर त्यांचं ऊन दुपारपर्यंत अडलं असतं. शेवटी त्या बाजूचं छप्पर उतरतं केलं. माळ्यावरची एक खोली गेली, ती पुण्याहून येणाऱ्यांसाठी ठरवलेली होती.

उजेडाचं हे मोजमापही अनुभवातून आलेलं आहे. आज इथल्या अनेक कौन्सिल शेजाऱ्याच्या खिडकीपासून ४५ अंशांची रेषा काढून बघतात. आपल्या मुंबईत १८९६ साली प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत तो कसा पसरला हे बघून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि इमारतींमध्ये उजेड पोचावा म्हणून पुढे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आला. आणि इथे कुठे काय बांधायचं याला सरकारी परवानगी लागते ती १९४७ च्या टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्याने, १ जुलै १९४८ पासून. त्याआधी रस्त्याकडेने घरांच्या माळा कशाही वाढत होत्या. नियम जाचक वाटतात खरे, पण ते डावलल्यावर काय होतं हेही स्लाऊने पाहिलंय. २०१३ साली कौन्सिलने चक्क विमानातून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने गावाचा नकाशा काढला, आणि मागच्या अंगणांत माणसं राहत असावीत अशी सहा हजारांहून जास्त संशयास्पद बांधकामं निघाली. विनापरवाना शेडमध्ये भाडं भरून राहणारा हा बहुतेक वेळा नव्याने आलेला, नाइलाज असलेला माणूस असतो, हे आपण विसरू नये.

चौथा प्रश्न, पैसे कधी संपणार? बाबा ‘संपतील का’ असं विचारत नाहीत! आमचे संपले छपराच्या आधी. स्वतः घर बांधण्याचं कर्ज इथे टप्प्याटप्प्याने मिळतं. पाया, भिंती, छप्पर, गिलावा, आणि काम पूर्ण. सहसा टप्पा पुरा झाल्यावर पैसे येतात, म्हणजे टप्पा गाठायला आपले पैसे हवेत. आणि आम्ही एक घोडचूक केली. पाऊस तोंडावर आला म्हणून छपराच्या लाकडाची रक्कम बिल्डरच्या हातात आगाऊ दिली. तो सात आठवडे गायब! फोन बंद. उघड्या भिंतींवर ताडपत्री टाकून आम्ही पावसाकडे बघत बसलो. शेवटी लाकूड आलं, पण तोवर भाड्याच्या घराचे दोन महिने वाढले होते. तेव्हा लक्षात ठेवा, माल दारात उतरल्याशिवाय पैसे नाहीत, करार लेखी हवा, आणि एकूण खर्चाच्या निदान दहावा भाग कुठेही न दाखवता बाजूला ठेवा.

राहिला पाचवा प्रश्न. जोतं किती?

इथे बाबांचं आणि इंग्लंडच्या कायद्याचं जुंपलं. ओल वर चढू नये म्हणून भिंतीत घालायचा थर बाहेरच्या जमिनीपासून दीडशे मिलिमीटर उंच हवा. हा ओलीविरुद्धचा लढा एकोणिसाव्या शतकातल्या कॉलऱ्यापासूनचा. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर गावोगावच्या नियमांत तो पक्का झाला. म्हणजे एखादी पायरी यायला हरकत नव्हती. पण ऑक्टोबर १९९९ पासून नव्या घरांना आणखी एक नियम लागला. पुढच्या दारात व्हीलचेअर विनाअडथळा जाईल असा सपाट उंबरठा हवा, दरवाजे पुरेसे रुंद हवेत, आणि तळमजल्यावर संडास हवा. अपंग व्यक्तींच्या संघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरलेली मागणी होती ती. आम्ही तेव्हा चाळिशीचे, धडधाकट! पाहुण्यांची खोली घालवून वर हा तळमजल्याचा संडास मला अगदी वाया गेलेली जागा वाटली. दोन नियमांचा मेळ घालायला दारापर्यंत हलका उतार केला आणि उंबरठ्याच्या पुढे पाणी पकडणारी जाळीची नाली बसवली.

बाबांना फोटो पाठवले. त्यांचं पत्र आलं, अर्धं पान फक्त यावरच. ‘एकही पायरी नाही. घराला जोतं नाही म्हणजे माणसाला पाठीचा कणा नाही.’

२००६ च्या दसऱ्याला आम्ही राहायला गेलो. आजोबा आले, स्वतःच्या झाडाची सफरचंदं घेऊन. बाबा आले नाहीत. आई आजारी होती, मग गेली. त्यानंतर बाबा आपल्याच घराच्या तिसऱ्या पायरीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाच पायऱ्यांचं ते घर त्यांच्यासाठी किल्ला होऊन बसलं. बाहेर पडायचं तर दोन माणसं लागत. २००९ च्या उन्हाळ्यात खूप विनवण्या करून मी त्यांना इकडे आणलं.

हीथ्रोवरून घरी आलो. व्हीलचेअर उतारावरून वर गेली, उंबरठ्यावर आली आणि जराही धक्का न बसता आत गेली. बाबांनी हात वर करून थांबवलं. मागे घ्यायला लावली, पुन्हा आत न्यायला लावली. मग खाली वाकून काठीने नालीची जाळी ठोकून बघितली. “हिचं पाणी कुठे जातं?” मी अंगणात खडी भरून केलेला शोषखड्डा दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. ते तीन महिने राहिले आणि तो ‘वाया गेलेला’ संडास रोज त्यांच्या उपयोगी पडला. सकाळी चहा घेऊन ते शेजारच्या आजोबांच्या खिडकीतल्या उन्हात जाऊन बसायचे. एकाचं इंग्रजी पुणेरी, दुसऱ्याचं वेल्श वळणाचं. काय बोलायचे देव जाणे!

पुण्याला परत गेल्यावर त्यांनी गवंडी बोलावला आणि घराच्या एका बाजूने उतार बांधून घेतला. पाचही पायऱ्या मात्र तशाच ठेवल्या.

फेब्रुवारी २०१४ मध्ये थेम्सला पूर आला. डॅचेटमध्ये घराघरांत पाणी शिरलं, रस्त्यांवरून बोटी फिरल्या. पुण्यात टीव्हीवर विंडसरच्या आसपासची दृश्यं दिसली असावीत, कारण पहाटे फोन वाजला. बाबा होते. “दारापर्यंत आलं का?”

“नाही बाबा. आपण वर आहोत, खडीवर. अंगण कोरडं आहे.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “ते ठीक आहे. तरी एक पायरी ठेवायला हवी होती.”